उघाडीचे तीन फोटो

"पीक तर झकास आहे की," नायब तहसीलदार म्हणाले आणि केसरीनाथने अर्जासोबत दिलेला फोटो त्यांनी टेबलावरून परत सरकवला.

केसरीनाथच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. शेजारच्या खुर्चीतला कुणाल मात्र मनसोक्त हसला. कुणाल त्याचा चुलतभाऊ. खाडीच्या बांधाला लागून त्याने नवे गोदाम उभारले होते, आणि तिथवर ट्रक यावेत म्हणून टाकलेल्या भरावाने बांधाखालची उघाडी बुजवली होती. उघाडी म्हणजे बांधातली दगडी कमान. ओहोटीला शेतातले पाणी तिच्यातून खाडीत उतरते. भरतीला तिची फळी मिटते आणि खारे पाणी बाहेरच अडते. पाऊस उघडून तीन दिवस झाले होते, तरी पाणी जागचे हलले नव्हते. केसरीनाथची थोरली बहीण बायजाबाई हिची सगळी लावणी त्या पाण्याखाली होती. आणखी चार दिवस पाणी राहिले, तर वर्षाचे भात गेले.

"दादा, माझ्या हळदीच्या फोटोतबी तू असंच गुलाबी आभाल लावलंवतंस," कुणाल म्हणाला. "साहेब, आमचा दादा कलाकार हाय. त्याला भिवंडीच्या धुळीत काश्मीर दिसतं."

"हा फोटो जोडलेला आहे ना?" साहेबांनी विचारले.

"तीन फोटो एकत्र केलेत. पण साहेब—"

"मग तो मी जमेस कसा धरू?"

केसरीनाथने फोटो उचलला. त्यातली भाताची रोपे गर्द हिरवी होती, आभाळ गुलाबी होते आणि कोपऱ्यात त्याच्या स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत झळकत होते. कुणालला एक थप्पड द्यावी असे त्याच्या मनात आले. पण त्याआधी स्वतःलाच दोन द्यायला हव्यात, हेही त्याला कळत होते.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका गल्लीत त्याचा स्टुडिओ बावीस वर्षे उभा होता. आजूबाजूच्या यंत्रमागांमुळे भिंती दिवसभर थरथरत. पोट हळदी-लग्नांवर चालायचे. जीव मात्र रविवारी रमायचा, वज्रेश्वरीच्या बाजूला, तानसा नदीच्या काठावर. तिथेच तो फोटो जोडण्याची ही रीत शिकला होता. नदीवरचे ऊन आणि झाडाखालची सावली माणसाच्या डोळ्याला एकदम दिसते, कॅमेऱ्याला नाही. उजेड धरावा तर सावली काळी पडते. सावली धरावी तर उजेड पांढराफटक होतो. म्हणून कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा, जागा न हलवता एक फोटो गडद, एक मध्यम, एक उजळ काढायचा आणि प्रत्येकातले जे खरे ते घेऊन एक चित्र जुळवायचे. उघाडीचा फोटो त्याला असाच काढावा लागला होता, कारण समोर शेतातले पाणी आरशासारखे तळपत होते आणि भरावाने ठासलेली कमान पार अंधारात होती.

इथवर त्याने चोख काम केले होते. पण जुळवणी झाल्यावर वर्षानुवर्षांच्या सवयीने बोट लग्नाच्या सेटिंगवर गेले. गिऱ्हाइकांना आवडते म्हणून त्यानेच ते बसवलेले होते. आभाळ खुलले, हिरवा रंग चढला, पिवळी पडलेली रोपे तरारली. घाईत त्याने तसाच प्रिंट काढला.

केसरीनाथ कार्यालयातून परतल्यावर संध्याकाळी बायजाबाईने तो प्रिंट हातात घेतला.

"माझं भात कुजतंय, आन् तू त्याला रंग देतंस?" ती म्हणाली. "मेलेल्याला पावडर लावतंस रं?"

"बाय, चुकलं माझं."

"तुझं चुकलं, आन् त्या कुणालचं? त्याला कोन इचारनार? लहानपनी माझ्याच मांडीवर जेवलाय मेला."

त्या रात्री केसरीनाथ धड जेवला नाही. सकाळी कार्यालय उघडताच तो हजर झाला. त्याचा निरोप मिळाल्यामुळे कुणालही आला. केसरीनाथने टेबलावर तीन साधे प्रिंट ओळीने मांडले आणि त्यांच्याखाली चौथा, रंग न चढवलेला.

"पहिल्यात पाणी आणि पिवळी रोपं दिसतात, कमान काळी आहे. तिसऱ्यात कमानीतला भराव दिसतो, पाणी पांढरं पडलंय. मधला दोन्हीच्या मधला. चौथ्यात हे तिन्ही आहेत." त्याचा आवाज चढला. "या तिन्हींत नसलेली एक काडी जरी चौथ्यात सापडली, तर माझा अर्ज फाडून टाका."

"दादा, आवाज खाली. हापिस हाय हे."

"तू गप रे! काल हसलास, आज शोध. ये, बोट ठेव!"

कुणालने बोट ठेवले नाही. साहेबांनी चष्मा पुसला. पेनाच्या टोकाने भरावातला एकेक दगड ते वरच्या फोटोंत आणि खालच्या फोटोत ताडून पाहू लागले. दहा मिनिटांनी त्यांनी पेन खाली ठेवले.

"सोमवारी पाहणीला येतो," ते म्हणाले.

"सोमवारपर्यंत काही उरणार नाही, साहेब. दोनला पुरती ओहोटी आहे. खाडी रिकामी आणि शेत भरलेलं, हे तुमच्या डोळ्यांना एकाच वेळी दिसेल. रिक्षा खाली उभी करून आलोय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, मग पिवळ्या रोपांकडे, आणि शिपायाला पंचनाम्याचे कागद घ्यायला सांगितले.

साहेबांच्या हुकमावरून दुपारी तीनपर्यंत जेसीबीने कमान मोकळी केली. पाणी आधी गढूळ झाले, मग गुरगुरत खाडीकडे धावले. अर्धे शेत उघडे पडले, तेव्हा बायजाबाई गुडघाभर चिखलात उतरली आणि एक रोप उपटून तिने वर धरले. मुळाशी ते काळे झाले होते. तिने दुसरे उपटले. तेही काळेच.

"आता पाणी उतरेल, आजी," साहेब समजुतीने म्हणाले.

"उतरंल, साहेब. पन निम्मं गेलं त्याचं काय?"

केसरीनाथ बांधावरून थेट कुणालसमोर आला. "वरच्या खाचरात रोप शिल्लक हाय. लावणीला सहा माणसं लागतील. उद्या सकाळी सातला. गोदामातली आण, न्हायतर स्वतः चिखलात उतर."

कुणालने हसायला तोंड उघडले आणि साहेबांकडे पाहिले. साहेब पंचनामा लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती वाजता म्हणालात?" त्यांनी विचारले.

"सात."

त्यांनी तेही लिहून घेतले.