अटकेपारचा तास

आमच्या दिघीत जमिनी गेल्या तेव्हा भावकीतल्या प्रत्येकानं काही ना काही उभं केलं. कुणी गोडाऊन बांधलं, कुणी मंगल कार्यालय. मी बी.एड. केलं आणि इतिहासाचा मास्तर झालो. थोरले बंधू सोपानराव अजून लोकांना सांगतात, "आमचा शेखर मढी उकरून पगार घेतोय. ऐश हाय राव!" त्यांचं तरी काय चुकलं? शाळेत गणिताचा पोर्शन मागे पडला की तास माझाच जातो, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

अशा मला यंदा एका संस्थेनं विचारलं, की पाकिस्तानातल्या एका शाळेशी ऑनलाइन जोडून दोन्हीकडच्या नववीला आपला सामायिक इतिहास शिकवाल का? मी असा हुरळलो म्हणता! आयुष्यात पहिल्यांदाच माझा विषय कुणाला तरी हवा होता. आमच्या मुख्याध्यापिका चारुलता मॅडम मात्र हुरळणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांचे मिस्टर फौजेत, वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडीलही फौजेत. त्या म्हणाल्या, "एक तास करून बघा, सर. कुणाचं मन दुखावलं तर तिथेच बंद. मी मागे बसणार आहे."

आठवडाभर मी आरशासमोर हिंदीचा सराव केला. माझं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं. बायको, तनुजा, म्हणाली, "अहो, कमी बोला तिथं. तुम्ही रंगात आलात की घोटाळा होतो." ऐकलं असतं तर मी मी कसला!

तास झकास सुरू झाला. पडद्यावर तिकडच्या शिक्षिका नसरीन मॅडम आणि त्यांची मुलं, इकडे आमची. दोन्हीकडे चालणारे जुने शब्द शोधायचे, ते कुठून आले ते बघायचं. बाजार, दुकान, शहर. आमच्या उत्कर्षानं 'हजेरी' सांगितली, तिकडून 'हाज़िरी' असा ओरडा झाला. पोरं खिदळायला लागली आणि मी रंगात आलो. "वाह उत्कर्षा! तूने तो अटक के पार झेंडे लगाए!"

पलीकडे माहनूर नावाची मुलगी उभी राहिली. "सर, हमारा स्कूल तो अटक में ही है."

आयला! संस्थेच्या पत्रात गावाचं नाव इंग्रजीत होतं. मी ते 'अ‍ॅटॉक' असं वाचलं आणि पुढे गेलो. इतिहासाचा मास्तर बरं का मी!

"झंडे किसने लगाए?" तिनं विचारलं.

लपवून काय करणार? सांगितलं, की अठराव्या शतकात आमच्या फौजा तुमच्या गावापर्यंत आल्या होत्या, म्हणून आम्ही शाबासकीला तसं म्हणतो. ती म्हणाली, "फिर यहाँ के लोगों का क्या हुआ? डर गए होंगे ना?"

आता आली का पंचाईत! पुतण्या ओजस जर्मनीला गेला, मी म्हणालो अटकेपार. भाचीनं वक्तृत्वात ढाल आणली, अटकेपार. जन्मभर तो शब्द उधळला, पण अटकेत माणसं राहतात हे कधी डोक्यातच आलं नाही. मागे चारुलता मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की शाळेत कुणाचं तरी काही खरं नसतं.

"मालूम नहीं, बेटा," मी म्हणालो. "हमको झेंडे का सिखाया, लोगों का मैंने कभी पूछा ही नहीं. माफ करना." लाज वाटली, खरंच.

माहनूर शेजारणीशी काहीतरी कुजबुजली आणि हसली. "कोई बात नहीं, सर. फिर आइए. इस बार झंडा रहने दीजिए, खाना हमारे घर."

दोन्ही वर्ग खळखळून हसले. "जरूर आएंगे!" मी बोलून गेलो. कोण जाऊ देतंय आम्हाला? नसरीन मॅडमनीही मान खाली घातली.

माहनूर मात्र उभीच. "कब आएंगे, सर?"

सनावळ्या पाठ असलेल्या मास्तराला एक तारीख सांगता येईना. तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. चारुलता मॅडम चष्मा पुसत कॅमेऱ्यासमोर आल्या.

"अगले गुरुवार," त्या म्हणाल्या. "इसी वक्त. पूरी क्लास आएगी."