ठेंगणीचं नाव

छापखान्यात पानं लावणाऱ्या ताईचे बाबा अक्षरं काढायचे. त्यांनी संगणकासाठी एक फॉन्ट केला, बुटका, गोल, गुटगुटीत, आणि बायकोला ज्या नावाने चिडवायचे तेच त्याला दिलं: ठेंगणी. फॉन्ट सगळ्यांना फुकट. कुणीही वापरा, हवा तसा बदला; फक्त बदललेल्याला दुसरं नाव द्या आणि वापरायचा परवाना हाच ठेवा, एवढी अट. बायकोने तोंड फुगवलं, पण आल्यागेल्याला छापील नमुना दाखवायची हौस काही सुटली नाही. नवऱ्याचा वचपा तिने लेकीवर काढला. उंचाड्या ताईला ती उंटीण म्हणायची.

आई गेली. मग बाबांचे डोळे अधू झाले. स्वतःचीच अक्षरं त्यांना भिंगाशिवाय दिसेनात. ताईने मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी बसून तिने अक्षरांची पोटं मोकळी केली, बारीक रेषा जाड केल्या, उंची वाढवली. नाव तेवढं बदललं नाही. आईचं नाव पुसायला तिचा हात धजेना.

व्हायचं तेच झालं. छापखान्यात एका संगणकावर बाबांची ठेंगणी, दुसऱ्यावर ताईची. शाळेच्या अंकाची पानं पहिल्यावर लागली, छापायला दुसऱ्यावरून गेली. नाव एकच, त्यामुळे त्या शहाण्या यंत्राने मुकाट्याने नवी अक्षरं उचलली. ओळी वाढल्या आणि पानापानावरचा शेवटचा मजकूर चौकटीबाहेर जाऊन गडप झाला. मालकाने डोक्याला हात लावला आणि बजावलं, की दोन्हींतली एकच ठेव, नाहीतर नाव बदल.

ताईला सोपी वाट दिसली. अट घालणारा माणूस घरातच होता. त्यांनी परवानगी दिली की नाव नियमात बसणार होतं. संध्याकाळी तिने बाबांपुढे नव्या अक्षरांचा नमुना ठेवून सगळं सांगितलं.

"आणि जुनी?" बाबांनी विचारलं.

"काढून टाकू. आता ती वाचणार कोण?" ताई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाबा रागावले नाहीत. "बदल करायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या आईला बदलून तिच्याच नावाने कुणी हाक मारू नये, म्हणून अट घातली मी. कुणी म्हणजे कुणीच."

ताईला फार लागलं. इतके दिवस डोळे फोडले ते पाण्यात गेले, असं वाटून तिने कागद उचलायला हात पुढे केला. बाबांनी तो आपल्याकडे ओढला. भिंग टेबलावरच राहिलं. कागद हातभर लांब धरून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.

"ही कुठली ठेंगणी? चांगली उंच झालीये," ते म्हणाले. "आई तुला काय म्हणायची?"

"उंटीण."

"मग तेच लिही. तेही तिनेच ठेवलेलं आहे."

ताई रडली, मग हसली, आणि तिथेच बसून तिने नाव बदललं. परवाना अटीप्रमाणे तोच राहिला, त्यात वर बाबांच्या नावाची ओळ, खाली तिच्या. शेवटी तिने आपलीही एक अट घातली. बदल खुशाल करावेत, पण बदललेल्या अक्षरांना उंटीण हे नाव देऊ नये. कुणी म्हणजे कुणीच.