पायांकडे बघणाऱ्या घाटगे मॅडम

कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, चालू असताना खोलीतले सगळे पडद्याकडे बघतात. घाटगे मॅडम पेशंटच्या पायांकडे बघायच्या. आम्ही शिकाऊ सर्जन नळी हातात धरून घामाघूम झालेलो, आणि या बाई खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या. पेशंटच्या पायाचे अंगठे आवळले गेले, की नळीने आतडं ताणलंय हे त्यांना आमच्याआधी कळायचं. "स्वल्प मागं ये," एवढंच म्हणायच्या. थोडं मागे ये.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलेलं. बसवनगुडीतल्या घरी ते मराठीच बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की मी नागपूरहून आले तेव्हा पहिले दोन महिने त्या मला रागावताहेत की जेवायला बोलावताहेत हेच समजायचं नाही. बहुतेक वेळा दोन्ही असायचं. माझ्या हाताला भारी घाई. "आतडं म्हणजे तुमचा वर्धा रोड नव्हे गं," त्या म्हणायच्या. "पेशंटला झोपेचं औषध कमीच देते मी. दुखलं तर त्याला सांगता यायला हवं की."

शेवटच्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मसोबत कामाची नोंदवही द्यावी लागे. स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय केलेल्या स्कोपींचा ठरलेला आकडा भरला नाही, तर परीक्षा सहा महिने पुढे. माझी एक कमी होती. फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी ती संधी मिळाली. पण पहिल्याच मोठ्या वळणावर मॅडम "मागं ये" म्हणाल्या आणि मी घाईघाईत नळी आणखी रेटली. पेशंट कळवळला. मॅडमनी नळी माझ्या हातून घेतली आणि काम पुरं केलं.

तरी मी वहीत लिहिलं, 'स्वतः केली'. निम्मी तर मीच केली होती ना!

मॅडमनी त्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मदतीने'.

"मॅडम, माझे सहा महिने जातील!" मी जवळजवळ ओरडलेच.

"जातील की. पण ही वही बघून तुला उद्या कुणी एकटीला नळी देईल. तेव्हा मी असणार काय तिथं?" मग वही मिटून म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला एक पेशंट आहे. नीट जेवून झोप. सरी?" कळलं ना?

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती.

सकाळचा पेशंट पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर काम करणारा. तेच वळण आलं. मी थांबले. कुणी सांगायच्या आधी नळी मागे घेतली, हवा काढली, सिस्टरला पोटावर हलका दाब द्यायला सांगितलं आणि हळूच पुढे गेले. मॅडम पेशंटच्या पायांकडेच बघत होत्या; अंगठे सैल होते. टोकापर्यंत पोचले, सावकाश तपासत बाहेर आले.

तेवढ्यात त्या माणसाने मान वळवून विचारलं, "यावाग शुरू माड्तीरा, डॉक्टर?" सुरू कधी करणार?

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना खाटेचा कठडा धरावा लागला. त्यावरच वही टेकवून त्यांनी 'स्वतः केली'पुढे सही केली. पुढे परीक्षा झाली, प्रमाणपत्रही आलं. पण त्या प्रश्नाइतकं माझं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.