टाळूचं माप

दातांचं माप घ्यायची पूड कालवण्यात एतेल्काचा हात धरणारं ओरोशहाझा गावात कुणी नव्हतं. रबरी वाटीत पूड, तिच्यावर पाणी, आणि मग चपट्या सुरीनं वाटीच्या कडेला अशी रगडायची की एक गुठळी राहायची नाही. पाणी कोमट झालं तर लगदा तोंडात जायच्या आधीच घट्ट, फार गार झालं तर पेशंट आ वासून ताटकळत. डॉक्टर आगोता ओठ बाजूला करायची, एतेल्का भरलेला साचा तिच्या हातात द्यायची. जुन्या नवराबायकोसारखं दोघींचं जमलेलं होतं, भांडणासकट.

आणि अशा बाईनं माती खाल्ली, तीही स्वतःच्या नामदिनाला. एतेल्का नावाच्या झाडून सगळ्या बायकांचा तो दिवस, आणि ज्याचा नामदिन त्यानंच कामावर खायला न्यायचं. म्हणून तिनं ताटभर पोगाचा, म्हणजे छोटे खारट पाव, भाजून आणल्या होत्या.

त्याच सकाळी देझ्यो बाचीचं माप घेतलं होतं. बाची म्हणजे काका. गावात तो सगळ्यांचाच काका. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांचा तो व्योफेय. फिती बांधलेली काठी आपटत, यमकं जुळवत वऱ्हाड हसवायचं, आणि नवरी घर सोडताना तिच्या वतीनं आईबापांचा निरोप घेऊन सगळ्यांना रडवायचं, हे त्याचं काम. वरचे दात गेल्यापासून गडी घरी बसला होता. ‘फ’ आणि ‘व’ म्हणायला वरचे दात खालच्या ओठाला टेकावे लागतात. याच्या तोंडून नुसता वारा. आता नातीचं लग्न होतं, उपासाचे दिवस लागायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी. माझा निरोप परका माणूस म्हणणार नाही, असं नातीनं बजावलं होतं.

पण बाचीला उमासे भयंकर. लगदा टाळूला लागला की पोट ढवळायचं. दोनदा त्यानं साचा उचकटून काढला. पुढच्या खेपेला डोळ्यांतून पाणी येईस्तोवर तग धरला आणि जाताना म्हणाला, "एतेल्का, पुन्हा ही लापशी माझ्या घशात घातलीस तर बोळक्या तोंडानं मरेन, पण इथं पाऊल टाकणार नाही."

ते माप ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि लगोलग त्यात प्लास्टर ओतायचं, एवढंच उरलं होतं. त्या लगद्यात मुख्य म्हणजे पाणीच. उघडा राहिला की सुकून आकसतो, पाण्यात बुडवला की फुगतो. एतेल्का फडकं भिजवायला वळली, तोच औषधांच्या दुकानातली बाई फुलं घेऊन दारात हजर. तिच्यामागून पोस्टमन, मग समोरचा न्हावी. ताट रिकामं होईपर्यंत आणि चेरीची दारू फिरेपर्यंत माप हीटरच्या वर, खिडकीत उघडं पडलं होतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा कडा साच्यापासून सुटल्या होत्या. त्या मापाचे दात टाळूला धरलेच नसते. पहिल्याच यमकाला खाली आले असते.

डॉक्टर आगोता ओरडली नाही, तेच जास्त झोंबलं. ती म्हणाली, आता सिलिकॉन वापरू. महाग पडतं, पण घशात ओघळत नाही आणि आकसायचं भय नाही. मात्र बाचीला बोलावून खरं काय ते तूच सांगायचंस.

बाची आला. टोपी गुडघ्यावर धरून बसला, चेहरा पांढराफटक. एतेल्का घोकलेलं सगळं विसरली आणि एका दमात सांगून मोकळी झाली: चूक माझी, मी पोगाचा वाटत बसले, तुमचं माप वाळलं, पुन्हा घ्यावं लागेल.

"एवढंच?" बाचीनं विचारलं.

"एवढंच काय, बाची? तुमचे हाल हाल झाले होते."

"अगं बये, मला वाटलं, हिरड्याच कामातून गेल्यात, दात बसणारच नाहीत, हे सांगायला बोलावलंय. नातीला काय तोंड दाखवू, या घोरानं डोळ्याला डोळा नाही लागला." त्यानं टोपी खुंटीला अडकवली. "घे माप. पण माझ्यासाठी एक पोगाचासुद्धा ठेवली नाहीस?"

एतेल्काला हसूही आलं आणि रडूही. तिनं रबरी हातमोजे काढले, कारण ते लागले तर हे सिलिकॉन घट्टच होत नाही. हात स्वच्छ धुऊन दोन रंगांचे गोळे कणकेसारखे एकरंगी होईपर्यंत मळले. बाचीला ताठ बसवून एक पाय वर उचलून धरायला सांगितलं. ध्यान पायाकडे लागलं की घसा गप्प बसतो. आधी घट्ट गोळ्याचं माप, मग त्यावर पातळ सिलिकॉनचा थर देऊन पुन्हा एकदा. बाची पाय धरून नाकानं सूं सूं करत राहिला, पण उमासा काही आला नाही. माप निघालं तेव्हा टाळूवरची वळीन् वळी त्यात उमटली होती.

लग्नाचं आवतण तिलाही होतं. ती अंगणात मागे उभी राहिली. निरोप सुरू झाला, सगळ्यांच्या नजरा नवरीवर आणि हिची बाचीच्या वरच्या ओठावर. तो काय म्हणतोय ते तिला कळतच नव्हतं. एक ‘फ’ गेला, एक ‘व’ गेला, काठी आपटली, आवाज चढला, दात जागचे हलले नाहीत. नवरीच्या आईला हुंदका फुटला, तशी एतेल्काही धाय मोकलून रडायला लागली.

शेजारच्या अनोळखी बाईनं तिच्यापुढे रुमाल धरला. विचारलं, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?

"नाही हो," एतेल्का नाक पुसत म्हणाली, "मी दातांकडची."