सासऱ्यांचा सागवानी बंगला

परवा वखारीवरून जाताना ओल्या सागवानाचा वास आला आणि तोंड कडू झालं. दुष्काळात पाटोद्याजवळ माझे सासरे, साखर कारखान्याचे चेअरमन, सागवानी बंगला बांधत होते. लाकूड मुरावं म्हणून टँकरचं पाणी हौदात ओतून त्यात ओंडके बुडवले होते.

शेजारची हलिमाबी घागर घेऊन आली. "चेअरमनसाब, हौदातलं पाणी द्या, तांबडं हाय तरी गाळून पिऊ."

"लाकूड तडकंल की! लई भारी माल हाय," सासरे मिशीत हसले.

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्यादेखत घागर भरून दिली. मग बायांची रांग लागली. सासरे नुसतेच ओरडत राहिले.

पुढे त्याच बंगल्यात ते पाहुण्यांना सांगत, "दुष्काळात आमी गावाला पाणी पाजलं." तेव्हा मी खाली मान घालून चहा द्यायचे. आता आठवलं की किळस येते.