सातव्या मिनिटाचा श्वास

हे सगळं मला नीट आठवतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या बैठकीतले किस्से शकीलभाईंच्या दुकानातल्या सुट्या भागांसारखे साचलेत. कुठला स्क्रू कुठल्या रेडिओचा, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. तरी सांगतो. चुकलं तर वानखडे दुरुस्त करेल. तो नेहमीच करतो.

आम्ही तिघे. शकीलभाई यवतमाळला रेडिओ-टेप दुरुस्त करतात. वानखडे माझा कॉलेजपासूनचा मित्र, पोस्टातून रिटायर झालेला. आणि मी, ध्वनिशास्त्रात पीएच.डी. केलेला प्राध्यापक. ही पदवी लक्षात ठेवा, पुढे माझ्याविरुद्ध वापरता येईल.

दर रविवारी सकाळी दुकानात आम्ही एका परदेशी रॉक बँडचा एकच अल्बम ऐकतो. त्यात गाणं कमी, वातावरण जास्त. गिटार धुक्यातून चालत आल्यासारखी येते आणि गाणारा सहा-सहा मिनिटं तोंड उघडत नाही. बँडचं नाव लिहीत नाही, कारण आम्ही ते तीन तऱ्हांनी उच्चारतो आणि त्यावरून एकदा महिनाभर बैठक बंद होती.

*

मूळ कॅसेट वानखडेला त्याच्या साहेबांच्या मुलाने एका दुपारपुरती दिली होती. शकीलभाईंकडे जोडायची वायर नव्हती. मग कॉपी करायला दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एक वाजवायला, दुसरा माइकने टिपायला, शटर अर्धं ओढलं आणि आवाज नको म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद केला.

"पाऊन घंटा कोनी बोलाचं नाही," शकीलभाईंनी बजावलं. "खोकला आला तं गिळा."

वानखडेने तोंडात रुमाल कोंबला. मी भिंतीला टेकलो, डोळे मिटले आणि संगीतात बुडून गेलो. इतका, की टेपिंग संपल्याचं मला हलवून सांगावं लागलं.

"प्रोफेसर म्हणजे खरा रसिक मानूस," वानखडे तेव्हा म्हणाला होता. शकीलभाई माझ्याकडे न बघता पंखा लावायला उठले होते.

*

त्या कॉपी केलेल्या कॅसेटवर सातव्या मिनिटाला, गिटारच्या मागे, एक श्वास ऐकू येतो. तीन लांब श्वास, मग एक बारीक शिटी. पुन्हा तीन, पुन्हा शिटी. हा शोध माझा. आयुष्यात एवढाच लावला.

त्यावर मी नेरच्या वाचनालयात दीड तास बोललो. विषय होता 'यंत्रयुगातील मानवी श्वास'. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी विचारलं, "सर, त्या मानसाले दमा होता काय?"

मी म्हणालो, ते प्रतीक आहे.

"असंन बाप्पा. पन मंग दवाखान्यात काहून नाही नेलं त्याले?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं, प्रश्न बरोबर होता.

*

मग अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून त्याची नवी, खास आवृत्ती निघाली. वानखडे म्हणाला, "मोबाइलवर फुकट भेटून राह्यला ना तो!" मी त्याला मोबाइलवरच्या संगीतात काय काय हरवतं, यावर वीस मिनिटं समजावलं. त्याऐवजी तेव्हाच मोबाइलवर ऐकलं असतं, तर पुढची लाज वाचली असती.

कुरिअरवाल्याचा फोन आला. "काका, तुमचं पार्सल पिझ्झ्याएवढं हाय, पन थंड हाय."

खोका उघडला. आत दोन मोठ्या काळ्या तबकड्या आणि एक जाड पुस्तक. तिघांपैकी कुणाकडेही चालू रेकॉर्ड प्लेअर नव्हता. ऑर्डर करताना याचा विचार ध्वनिशास्त्राच्या डॉक्टरने करायला हवा होता. शकीलभाईंनी दिग्रसच्या एका व्यापाऱ्याकडून बंद पडलेला प्लेअर आणून दुरुस्त करेपर्यंत पाच रविवार आम्ही नुसतं पुस्तक पाहिलं.

*

सहाव्या रविवारी सुई टेकली. सातवं मिनिट आलं. गिटार आली, धुकं आलं. श्वास आला नाही.

पुन्हा लावलं. नाही.

नेरचं भाषण, बैठकीतला माझा मान, सगळं त्या श्वासावर उभं होतं. "यांनी साफ करताना श्वास पुसून टाकला," मी म्हणालो. "मी कंपनीला पत्र लिहिणार."

"जाऊ द्या ना प्रोफेसर," शकीलभाई घाईने म्हणाले. "चिठ्ठी मत भेजो. कायले उगाच?"

मला वाटलं, साधा माणूस आहे, परदेशी कंपनीला घाबरतो. मी चार खर्डे करून पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी नम्र उत्तर आलं: आम्ही मूळ टेप पुन्हा तपासल्या, त्यात कुणाचाही श्वास नाही, आपल्या बारकाईने ऐकण्याबद्दल आभार.

"खोटं बोलून राह्यले," वानखडे माझ्या बाजूने उभा राहिला. आम्ही पुन्हा जुन्या कॅसेटवर आलो. त्या महागड्या खोक्यावर शकीलभाई आता चहाचे कप ठेवतात.

*

याला बरीच वर्षं झाली. परवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सौ.ला सांगितलं, सरांची झोप मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. तिने दुपारी जेवणानंतर केली. मला ती पाठवता येईना, म्हणून रविवारी मोबाइल घेऊन दुकानात गेलो.

वानखडे नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता. शकीलभाईंनी मोबाइल हातात घेतला, कुठेतरी दाबलं आणि माझी झोप दुकानभर वाजू लागली.

तीन लांब श्वास. मग एक बारीक शिटी. पुन्हा तीन.

शकीलभाईंनी माझ्याकडे न बघता एक बिघडलेला रेडिओ पुढे ओढला.

वानखडेने मान डोलावली. डोळे न उघडता म्हणाला, "वा! पन आज गिटार काहून ऐकू येऊन नाही राह्यली?"