काठोकाठ कप

कराडचं घर विकलं त्या दिवशी मंदारने माझी ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवली. मी म्हटलं होतं, विकू नको, भाड्याने देऊ. तर लेक म्हणतो, "आई, आता परत कशाला यायचंय? एकदाच काय ते हल." मी हलले. धाकटी बहीण कुसुम दारात रडत होती. मी रडले नाही. रडून घर परत मिळत नाही.

आयर्लंडात, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात, मंदारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मला एक खोली मिळाली. भांड्यांच्या कपाटाला इथं प्रेस म्हणतात. नात ईराशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. हेही अंगवळणी पडलं. आणि आता मंदार म्हणतो, ताश्कंदला जाऊ.

रोज जेवताना उझबेकिस्तान. तिथं कंपनी लवकर नोंदवता येते, सॉफ्टवेअरवाल्यांना करात सूट, कामाला तरुण पोरं, शिवाय सोनं आणि कापूस.

"समुद्र आहे का?" मी विचारलं.

"नाही. शेजाऱ्यांनाही नाही."

"म्हणजे माल बाहेर काढायला दोन-दोन देशांच्या पाया पडायचं."

"आई, आमचा माल वायरीतून जातो!"

सगळे हसले. पण तू येणार का, असं मला कुणी विचारलं नाही. सामानात मला आधीच धरलं होतं.

मागच्या रविवारी मंदारचा तिकडचा भागीदार रुस्तम घरी आला. मी चहा केला. आमची आई म्हणायची, "पाहुण्याला देताना हात आखडू नये." मी कप काठोकाठ भरला. रुस्तमने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा भराभर संपवला आणि कोट घेऊन उभा राहिला. दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले. मंदारने कपाळावर हात मारला.

"आई, त्यांच्याकडे चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. भरून दिला की पाहुण्याने निघायचं. त्याला वाटतंय, तो तुला नकोय."

"बस म्हणावं त्याला. माणूस चांगला आहे. मला ताश्कंद नकोय."

"हे काय मध्येच?"

"तू विचारलं नाहीस, म्हणून मध्येच."

"फेअर प्ले, आजी!" ईरा म्हणाली, इथं शाब्बासला असंच म्हणतात, आणि बापाने अडवायच्या आत तिने रुस्तमला सगळं सांगून टाकलं. तो खाली बसला. मंदारला त्याने एकच विचारलं, आईला विचारलं नव्हतंस? मंदारचे कान लाल झाले.

आता मंदार एकटा जाणार. सून, ईरा आणि मी इथंच. "तुझ्यामुळे दोन ठिकाणी संसार," असं तो येता-जाता ऐकवतो. ऐकवू दे.

कराडच्या घराला आता दुसऱ्यांचे पडदे आहेत. इथलं घर भाड्याचं. करमतं का म्हणाल, तर नाही करमत. पण या वयात मला मायेचं घर नको, माझं 'नाही' ऐकून घेणारं हवं. ते ऐकवायला परका माणूस घरी यावा लागला, हा राग मात्र अजून गेलेला नाही.